अक्षांशराव

बोर्डीला सुट्टीत येणारे पाहुणे आम्हाला लांबूनच ओळखू येतात. सुरूच्या बनात चादर अंथरून वडे-चटणीची पुडी सोडणारे कुटुंबवत्सल, ताडीची चौकशी घोलवड स्टेशनावरच सुरू करणारे रसिक आणि ओहोटीला समुद्र एवढा लांब गेलेला पाहून पैसे फुकट गेल्यासारखा चेहरा करणारी नवी जोडपी. यांत हल्ली आणखी एका गृहस्थांची भर पडली आहे. त्यांना मी अक्षांशराव म्हणतो.

अक्षांशराव पन्नाशीचे. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात दुर्बीण, हातात फोन. पँट गुडघ्यापासून चेनने सुटणारी. ती सुटलेली मात्र आजवर कुणी पाहिलेली नाही. त्यांचा छंद जिओकॅशिंग. कुणीतरी रानात एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने ती हुडकून आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि डबी होती तिथेच ठेवून द्यायची. ‘मग?’ असं विचारू नये. मग काही नाही.

मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात एका गृहस्थाने जंगलात बादली ठेवून तिचा पत्ता जाहीर केला. त्या बादलीत पुस्तकं होती, एक गलोल होती आणि घेवड्याचा हवाबंद डबासुद्धा होता. अक्षांशरावांच्या घरी ३ मे पाळला जातो. वहिनी त्या दिवशी माहेरी जातात.

खेळ न जाणणाऱ्याला या पंथात ‘मगल’ म्हणतात आणि मगलांच्या देखत डबीला हात लावायचा नाही, हा दंडक. त्यामुळे वाटेवर कुणी दिसलं की अक्षांशराव खाली बसून बुटाची नाडी बांधू लागतात. असावलीकडून बारडाच्या डोंगरावर चढताना पायवाटेला गुराखी, मोळीवाल्या, शाळेची पोरं असतातच. एवढ्या वेळा नाडी बांधणारा माणूस पाहून एका मुलाने शेवटी त्यांना चप्पल घेण्याचा सल्ला दिला.

या डोंगरावर एक डबी त्यांनी स्वतःच पावसाळ्याआधी ठेवलेली. आता ती ‘सुस्थितीत’ आहे का, ते बघायला आम्ही निघालो होतो. फाल्गुनाचे दिवस, पळस पेटलेला. फुलांवर शिंजीर लोंबकळत होते, तांबटाचं टुक-टुक चालू होतं, कोतवाल शिक्र्याचा आवाज काढून सातभाईंना पळता भुई थोडी करत होता. तेवढ्यात समोरच्या फांदीवर हळद्या येऊन बसला. “अहो, हळद्या!” मी कुजबुजलो. अक्षांशराव फोनमधून मान वर न काढता म्हणाले, “अकरा मीटर.” दुर्बीण गळ्यात तशीच. ती मगलांना आपण पक्षी बघतोय असं वाटावं म्हणून असते, हे मला नंतर कळलं.

याच डोंगरावर बाहरोटची लेणी आहेत. संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर तिथल्या पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, तिथे बारा वर्षं लपवून ठेवला होता, अशी परंपरा आहे. तो १७४२ पासून उदवाड्याला आहे. लपवालपवीत बारडाचा लौकिक असा थोर. मी हे सगळं भक्तिभावाने सांगितलं. अक्षांशरावांनी क्षणभर विचार केला. “काठिण्य किती धरायचं? पाचपैकी पाच?”

शून्य मीटरवर पोचलो. फोनवरचा बाण कधी कातळाकडे, कधी माझ्याकडे. झाडोरा दाट असला आणि बाजूला कातळ असला की उपग्रहाचा संदेश असा चकतो, हे त्यांनीच सांगितलं आणि कातळाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. मोळी घेतलेली एक वारली आजी थांबली. अक्षांशराव नाडीकडे वळणार, पण हात अडकलेला.

“काय शोधता?”

“काही नाही, मावशी. पक्षी बघतोय.”

“दगडात?” ती म्हणाली. “काळी डबी असंल, तर ती आमच्या म्हाताऱ्याकडं हाय.”

पाड्यावर म्हाताऱ्याने कनवटीची डबी काढून दाखवली. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची, घट्ट झाकणाची. चुना वाळत नाही, असं त्याने प्रशस्तिपत्रही दिलं. चिठ्ठी सातव्या दिवशीच चुलीत गेली होती. ठेवणाऱ्याला म्हाताऱ्याने झुडपाआडून पाहिलं होतं, बुटाच्या नाडीसकट.

खेळाचा नियम असा की, डबीतून काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवायचं. अक्षांशरावांनी डबी मागितली नाही. उलट खिशातली दुसरी नवी काढून म्हाताऱ्याला दिली, तंबाखूसाठी. उतरताना वाटेवरच्या पाण्याच्या बाटल्या आणि वेफरच्या पिशव्या गोळा करून जाकिटाचे खिसे भरले. तीही या खेळाचीच रीत. सुरूच्या बनात स्पीकर लावून नाचणाऱ्या आणि कचरा मागे टाकून जाणाऱ्या पाहुण्यांपेक्षा हा वेडा मला केव्हाही परवडला.

तुम्हालाही हा नाद लागला असेल, तर या. वनखात्याला विचारा, लेण्यांना हात लावू नका आणि डबी लपवायच्या आधी पाड्यावर सांगून ठेवा. नाहीतरी त्यांना कळणारच आहे.