उमेदवार पिता

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्याकडील शिष्टसंप्रदायाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या जावयांना एका अवघड प्रसंगातून सन्मानपूर्वक वगळले होते; पूर्वीचा जावई बायकोला सातव्या महिन्यात पोहोचवून येई, खानावळ लावी आणि तार येईपर्यंत निर्वेधपणे पत्ते कुटी. हल्लीचा उमेदवार पिता मात्र या सुटकेने संतुष्ट होत नाही. प्रसूतिगृहातील खोलीपासून डिंकाच्या लाडवांपर्यंतची सर्व खाती सासूबाईंनी परस्पर वाटून टाकली, हे ध्यानी येताच तो ‘खरेदी’ नावाचे एक स्वतंत्र खाते निर्माण करतो आणि त्याचा अंमलदार, कारकून व हमाल या तिन्ही जागांवर स्वतःचीच नेमणूक करून घेतो.

माझ्या परिचयाचे असे एक गृहस्थ पुण्यास लष्करी हिशेबखात्यात आहेत. केंद्र सरकारच्या नोकरास अशा प्रसंगी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते; तिचा अर्ज त्यांनी तिसऱ्याच महिन्यात लिहून, केवळ तारखेची जागा कोरी ठेवून, दप्तरी बांधून ठेवला. गर्भावस्थेचे २८० दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले, तेव्हा पहिले दोन आठवडे मूल अस्तित्वातच नसताना हिशेबी धरले जाते, या बाबीवर त्यांनी तिथल्या तिथे रीतसर हरकत नोंदविली.

पुढे ते बाळगुटीकडे वळले. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, काकडशिंगी, हिरडा असा जाबता घेऊन ते मंडईजवळच्या एका काष्ठौषधीवाल्यापुढे उभे राहिले आणि प्रत्येक जिन्नसाचे प्रमाण ग्रॅममध्ये मागू लागले. सहाणेवर वेखंडाचा अर्धा वेढा, मुरुडशेंगेचे दोन, असे त्या वृद्ध दुकानदाराने सांगताच, वेढा म्हणजे नेमका किती, सहाण केवढी आणि उगाळणाऱ्या हाताचा दाब कोणता, असे त्यांनी विचारले. म्हाताऱ्याने पुडी बांधता बांधता इतकेच सांगितले की, हे बाळाच्या पोटाकडे बघून ठरते. बाळ उपलब्ध नसल्याने तो मुद्दा, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये असे डॉक्टरीणबाईंनी बजावल्याने ती पुडीही, तहकूब राहिली.

झबली, टोपडी, कुंच्या, लंगोट यांची तुळशीबागेतून त्यांनी आणलेली रास पाहून मात्र सासूबाई हबकल्या. मूल जन्मण्यापूर्वी त्याचे कपडे घरात आणू नयेत, आणि जन्मल्यावरही बारशापर्यंत त्याला नवे वस्त्र घालू नये, असा त्यांच्याकडील दंडक. (या दंडकामागे शुभाशुभाची भीती असेल ती असो, कोऱ्या कापडाची खळ आणि चार दिवसांच्या बाळाची त्वचा यांचा विचार कुणा शहाण्या आजीने केला असावा, असे मला वाटते.) सारा माल एका अविवाहित स्नेह्याच्या कपाटात अनामत ठेवण्यात आला. जावयाचा पडलेला चेहरा पाहून सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, तेवढे एखादे जुने मऊसूत धोतर मिळाले तर बघा. दुपटी करीन.”

कोणत्याही दुकानात मिळत नाही अशी ही एकच वस्तू होती. वडिलांनी धोतर सोडून पायजमा धरला त्यास तीस वर्षे झाली होती, आणि कचेरीतील कुणाला जुने धोतर मागणे पदास शोभणारे नव्हते. तेव्हा त्यांनी लक्ष्मी रस्त्यावरून एक कोरे धोतर खरेदी करून ते स्वतः जुने करण्याची तजवीज केली. हल्ली कचेरीतून परतल्यावर ते घरात धोतर नेसून वावरतात. निऱ्या सुटू नयेत म्हणून वरून चामडी पट्टा आवळतात. रात्री ते स्वहस्ते धुतात, प्रत्येक धुण्याची नोंद वहीत करतात आणि दर आठवड्यास सासूबाईंकडे प्रगतीचा अहवाल, धोतरासह आपले छायाचित्र व मासल्यादाखल कोपऱ्याचा एक तुकडा रवाना करतात. परवा त्यांचे उत्तर आले: कापड अद्याप खरखरीतच आहे, पण आपल्याला धोतर शोभते, बारशाला हेच नेसून यावे, दुपट्यांचे आम्ही बघतो.