'नंतर लावतो' यास खुले पत्र

श्री. 'नंतर लावतो',

नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट विषयावर येतो.

निपाणीहून बेळगावला जाताना हायवेला हत्तरगी लागतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे सुटे भाग बनतात. आमच्या भागातली पोरं तिथं मशीनवर उभी असतात. भाग मायक्रॉनमध्ये मोजायचा, मापात बसला नाही की स्क्रॅप. असे लाखो भाग जोडून झालेलं विमान हँगरमध्ये तुझ्या हाती येतं, आणि तुला साधी कडी लावायचा कंटाळा!

24 मे 2013, लंडनचं हीथ्रो. रात्रपाळीत तू एअरबस ए319 विमानाच्या दोन्ही इंजिनांची झाकणं तेल बघायला उघडलीस. तेल भरायची पिचकारी जवळ नव्हती, म्हणून 'नंतर येऊन लावतो' असं ठरवून कड्या तशाच सोडल्यास. परत आलास तो दुसऱ्याच विमानापाशी! तिथली झाकणं बंद, तेलही पुरेसं. आपण उघडं टाकलेलं बंद कसं झालं, हा प्रश्न तुला पडला कसा नाही? मान वर करून विमानाचा नंबर वाचायला किती वेळ लागतो? कुणीतरी उरकलं असेल असं धरलंस आणि कागदावर काम पूर्ण झालं. कड्या इंजिनाच्या पोटाखाली असतात, वाकल्याशिवाय दिसत नाहीत. उड्डाणाआधीच्या फेरीतही त्या कुणाच्या नजरेला पडल्या नाहीत.

ओस्लोला निघालेल्या त्या विमानाची झाकणं उड्डाण करतानाच उखडली. उजव्या इंजिनाची इंधनाची नळी फुटली आणि माघारी येताना इंजिन पेटलं. 75 प्रवासी आणि 5 कर्मचारी वाचले, त्यात तुझं श्रेय शून्य. आमच्या निपाणीजवळच्या तवंदी घाटात नट सैल झालेला ट्रक निदान कडेला घेता येतो. आभाळात कडेला घ्यायला जागा कुठे आहे?

जपानात नाहाला, 20 ऑगस्ट 2007 रोजी, तुला एक वॉशर पुरला. तो जागेवर नव्हता, म्हणून विमानाच्या पंखातला बोल्ट निसटला. पंखाची पुढची पट्टी आत जाताना त्याच बोल्टनं इंधनाच्या टाकीला भोक पाडलं. विमान जागेवर येऊन थांबलं आणि गळणाऱ्या इंधनानं पेट घेतला. आतले 165 जण जीव घेऊन बाहेर पडले, विमानाची राख झाली.

आग कशी मारते ते आमच्या मुंबईनं पाहिलंय. 12 ऑक्टोबर 1976 ला सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेल विमानाच्या इंजिनातली चकती भेग पडून फुटली. तुकड्यांनी इंधनाची नळी कापली. माघारी फिरलेल्या विमानात आगीमुळे हायड्रॉलिकचं तेल संपलं आणि वैमानिकांच्या हातचं नियंत्रण गेलं. 95 माणसं गेली. ती भेग धातूच्या थकव्याची होती, तिचा दोष तुझ्या माथी मारत नाही. पण नळी फुटल्यावर पुढं काय होतं हे ठाऊक असतानाही तू कडी उघडी टाकतोस, याचा संताप येतो.

हीथ्रोनंतर तुझ्या शब्दावर कुणी विसंबलं नाही. एअरबसनं त्या झाकणाला नवी कडी काढली. ती उघडायला किल्ली लागते आणि कडी नीट बसल्याशिवाय किल्ली निघत नाही. मग ती कॉकपिटमध्ये ठरल्या जागी ठेवावी लागते. तुझ्या सहीपेक्षा त्या किल्लीवर माझा जास्त भरवसा आहे.

आमची माणसं बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानात बसतात. पिचकारी आणायला जायचं असेल तर आधी कड्या लाव, नाहीतर उघड्या असल्याचं लॉगबुकात लिही. परत आलास की नंबर वाच, गुडघे टेक, हात लावून बघ. मगच सही कर.

निपाणीचा एक प्रवासी