गोधडीचा फाजील मान

रखडलेल्या कामाला मराठीत घोंगडं म्हणतात. भावाभावांतली वाटणी असो, कोर्टातली तारीख असो की सोसायटीची लिफ्ट, भिजत पडतं ते घोंगडंच. गोधडी भिजत पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. लोकरीचं घोंगडं एकदा ओलं झालं की मणभर जड होतं आणि वाळता वाळत नाही, हे खरं. पण गोधडी तरी कुठे पिसासारखी वाळते? श्रावणात धुतलेली चार पदरी गोधडी दसऱ्याला अंगावर घेता आली तरी नशीब. शिवाय भाषेला गोधडीची ओळख नव्हती असंही नाही. ‘तू गोधडीत होतास तेव्हाची गोष्ट’ एवढं म्हणून मराठी माणसाने आपल्याहून धाकट्यांची तोंडं पिढ्यानपिढ्या बंद केली आहेत. तरीही रखडण्याच्या कामी तिची नेमणूक झाली नाही, याचं सरळ कारण मला एकच दिसतं: ती रखडत नसे. वाक्प्रचारांवरून इतिहास काढणं धोक्याचं, हे मान्य. उद्या कुणी ‘नाचता येईना’वरून वाकड्या अंगणांची शिरगणती मागेल. पण आज परिस्थिती उलटी झाली आहे, एवढं तर डोळ्यांना दिसतं. ओळखीतल्या चार घरांत माळे, ट्रंका आणि पलंगाची पोटं उघडून पाहा. एखादी अर्धी गोधडी तरी जुन्या चादरीत गुंडाळलेली निघेल, आणि तिच्याबद्दल विचारलं की घरात थोडा वेळ कुणी कुणाकडे बघणार नाही.

यावर सगळ्यांचं ठरलेलं निदान म्हणजे आळस. मला ते पटत नाही. ज्या घरात गोधडी अकरा वर्षं अर्धी पडली आहे, त्याच घरात दर उन्हाळ्यात तीन-तीन दिवस गहू भिजवून कुरडयांचा चीक काढला जातो आणि दिवाळीला अनारशाचे तांदूळ भिजतात. आळशी माणूस अनारशाच्या वाटेला जात नाही. तो चकलीची भाजणीसुद्धा विकत आणतो. कुणी म्हणेल, भिजवलेला गहू थांबत नाही, आंबतो. गोधडी बिचारी थांबते, म्हणून मागे पडते. यात थोडं तथ्य आहे. पण गोधडी पूर्वीही आंबत नव्हती, आणि तरी पुरी होत होती. तेव्हा कापडाच्या टिकाऊपणावर सगळा दोष ढकलता येणार नाही.

दुसरं निदान वेळेचं. ‘हल्ली वेळ कुणाला आहे?’ हा प्रश्न इतक्या दुःखाने विचारला जातो की त्याचं उत्तर कुणी काढत नाही. काढू या. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर ठेवा. टाका आणि त्याच्यापुढची मोकळी जागा मिळून आणखी अर्धा इंच. सगळ्या ओळी एकापुढे एक जोडल्या तर ८४० फूट होतात, म्हणजे मुंबईचा राजाबाई टॉवर तीनदा चढून जावा इतक्या. टाके होतात २०,१६०. मिनिटाला दहा टाके, हा काही शर्यतीचा वेग नव्हे. बोलत बोलत, मध्येच गॅस बारीक करायला उठत जमणारा आहे. त्या हिशेबाने सगळं काम ३३ तास ३६ मिनिटांचं. रोज पाव तास बसलं तरी साडेचार महिन्यांत गोधडी अंगावर. तीच गोधडी अकरा वर्षांत पसरली तर दिवसाला पाच टाके येतात, आणि पाच टाक्यांना लागतं अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात कुकरची शिट्टीही होत नाही. एवढा वेळ नव्हता असं शपथेवर सांगणारा माणूस कोर्टात टिकणार नाही.

गंमत पुढेच आहे. आपल्याकडे पुष्कळ गोधड्या कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांनी शिवत जातात. वरच्या मापाच्या गोधडीला अशा ६० फेऱ्या लागतात. पहिली फेरी जवळजवळ २४ फुटांची, आणि पुढची प्रत्येक मागचीपेक्षा आखूड. शेवटची तर मधोमध दोन फुटांची नुसती रेघ उरते. त्यामुळे विसावी फेरी संपते तेव्हा जवळपास निम्मे टाके घालून झालेले असतात. डोळ्यांना मात्र मध्ये भलंमोठं मैदान मोकळं दिसत असतं आणि मन म्हणतं, अजून दोन तृतीयांश बाकी आहे. अर्ध्या गोधड्या सोडून दिल्या जातात त्या याच मुक्कामावर, म्हणजे घाट चढून झाल्यावर, उताराच्या तोंडाशी. ज्या बायांनी ही पद्धत बसवली त्यांना भूमिती कुणी शिकवली नव्हती, पण कंटाळा कसा येतो हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. जड काम आधी, हलकं नंतर; आणि हात थकेल तशी फेरी लहान.

मग गाडी अडते कुठे? माझ्या मते ती फाजील आदरापायी अडते. गोधडीला एके काळी काडीचाही मान नव्हता. फाटक्या लुगड्याचं आणि विटक्या धोतराचं हे शेवटचं स्टेशन. याच्यापुढे फक्त पायपुसणं आणि चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं. अंगावर गोधडीसारखी ठिगळं घालून हिंडणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणू लागले, ते काही त्या वस्त्राच्या कौतुकापोटी नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, आणि वाकळीला ‘वारसा’ म्हणायचं तिथे कुणाला सुचलं नसतं. आता तिची बढती झाली आहे. ती आजीच्या साडीची आठवण आहे, हस्तकला आहे, दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायची चीज आहे. बढती झाली की माणूस काम करायचा थांबतो. गोधडीचंही तेच झालं. तिच्यासाठी खास दोरा आणला जातो, पेन्सिलीने ओळी आखल्या जातात, पहिल्या दोन फेऱ्यांतला प्रत्येक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा येतो. तिसऱ्या फेरीत एक टाका तिरका जातो. तो उसवला जातो. पुन्हा घातलेला टाका आणखी तिरका जातो. आणि मग तो घातकी शब्द उच्चारला जातो: ‘निवांत’. निवांत बसून करू. घाईघाईत करायचं काम मराठी घरात होतंच होतं. निवांतपणे करायचं काम चादरीत गुंडाळून वर जातं.

वर्षांनी ती चादर सोडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मग सुई दिसते. शेवटचा टाका जिथे अर्धा राहिला तिथेच ती टोचलेली असते, आणि तिच्याभोवती कापडावर मुगाएवढा तांबूस डाग पडलेला असतो. नेढ्यातून लोंबणारा वीतभर दोरा तेव्हा पांढरा होता, आता त्यावर जुन्या सायीची छटा चढली आहे. ओढायला जावं तर गंजलेली सुई कापडात करकरते. नवी सुई घेतली की दुसरा शोध लागतो: मधल्या काळात सुया करणाऱ्यांनी नेढी बारीक केली आहेत. दोरा चार वेळा ओला करून, उजेडाकडे तोंड करूनही आत जात नाही, आणि शेवटी घरातल्या शाळकरी मुलाला हाक मारावी लागते. गोधडी जिथल्या तिथे थांबली होती. डोळे तेवढे पुढे निघून गेले.

आदराने काम रखडतं याचा उलटा पुरावा हवा असेल तर दुपटं पाहा. बाळासाठी शिवायचं दुपटं अर्धं राहिल्याचं सहसा ऐकू येत नाही. तीच सुई, तोच धावदोरा, तेच जुनं मऊ पातळ. पण तिथे टाके कुणी मोजत नाही, कारण त्या दुपट्याचं पुढे काय होणार हे शिवणारीला नीट माहीत असतं. ज्या कापडाचं भवितव्य इतकं ओलं आहे, त्याच्यावर कलेचं दडपण येत नाही. बिहारमध्येही सुजनी मुळात नवजात बाळासाठी जुन्या साड्यांचीच शिवत. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून तिकडे गेलेले आफ्रिकी वंशाचे लोक. कवंदीही कडेपासून आतच येते, तुकडे हाताला लागतील तसे बसत जातात, आणि कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची ‘फुलं’ लावल्याशिवाय ती उघडीनागडी मानतात. म्हणजे सौंदर्यदृष्टी भरपूर आहे. फक्त ती शिवण अडवत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या, लोक त्यांच्यापुढे चित्रांसारखे थबकले. पण त्यांतल्या कितीतरी कामाच्या जुन्या पँटी आणि शर्टांच्या होत्या, थंडीत पांघरायला शिवलेल्या. आधी त्या पुऱ्या झाल्या, मग वापरल्या गेल्या, कला वगैरे फार नंतर. भिंतीसाठीच शिवायला घेतल्या असत्या तर निम्म्या अजून अलाबामातच गुंडाळलेल्या असत्या.

यावर मोठा आक्षेप येतो तो भावनेचा. ती आजीची साडी आहे, तिला असं वाटेल तसं कसं दामटायचं? प्रश्न योग्य आहे, पण तो आजीला विचारून पाहायला हवा होता. ज्या आजीची साडी आपण कात्री लावताना हात जोडतो, तिने स्वतः सासूचं नऊवारी दातात धरून टराटरा फाडलेलं असतं, आणि फाडताना तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं म्हणणं जरा धाडसाचं ठरेल. आठवण जपायची म्हणून गोधडी ट्रंकेत ठेवणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे: तिथे ती कुणासाठी जपली जाते? घडीवर कापड विरतं, आणि कसर लागली तर कसरीला भावना नसतात. दुसरा आक्षेप विद्वानांचा. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांवरून मांडलं की मध्येच तोडलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. तेव्हा अर्धी गोधडी आपसूक मनाला टोचत राहील आणि एक दिवस पुरी होईल. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम दर वेळी तसा दिसला नाही, हे सोडून देऊ. पण लक्षात राहणं आणि हातात घेणं यांतलं अंतर विम्याचा हप्ता भरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. अर्धी गोधडी मनाला टोचते खरी, पण टोचणारी वस्तू माणूस आणखी उंच माळ्यावर ठेवतो.

मशीनवर मारून टाका म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. मशीनची गोधडी ऊब देते आणि लवकर होते. फक्त वीस फेऱ्या हाताच्या आणि मधलं मैदान मशीनचं अशी गोधडी अर्ध्या गावात डांबरी रस्ता झाल्यासारखी दिसते. टाकून द्या म्हणणाऱ्यांचं तर अर्धं बरोबरच आहे. कापून तिची चार आसनं केली तरी काम संपतं, आणि मन लावून केलेल्या आसनावर बसायला काही कमीपणा नाही.

पण पुरीच करायची असेल तर माझ्या मताप्रमाणे उपाय उघड आहे. तिचा मान काढून घ्या. धुऊन, उन्हात टाकून, ती आहे तशी अर्धी पांघरायला काढा. गोधडीत टाके शोभेसाठी नसतात, ते थर धरून ठेवतात. त्यामुळे बिनटाक्याच्या मधल्या भागात पहिल्याच रात्री अस्तर एकीकडे, पातळ दुसरीकडे, आणि आतला थर तिसरीकडेच गोळा होतो. दुसऱ्या रात्री कुणाचा तरी अंगठा थरांत अडकतो आणि पहाटे तीनला घर जागं होतं. आठवड्याभरात सुई बाहेर येते, निवांतपणाची वाट न पाहता, बातम्यांसमोर. नवे टाके जुन्यांपेक्षा लांब पडतात, नवा दोरा जुन्याशेजारी जरा जास्तच पांढरा दिसतो, आणि विसाव्या फेरीवर एक चौकट उमटते, ज्यांना माहीत आहे त्यांनाच दिसणारी. फेऱ्या आखूड होत जातात. उरते ती मधोमध दोन फुटांची रेघ, आणि ती घालायची वेळ येते तेव्हा गोधडी मोकळी मिळतच नाही. तिच्याखाली कुणीतरी आधीच झोपलेलं असतं. मग त्याच्या पोटावर हात टेकून, एकेक टाका वरच्या वर उचलत शिवणारी म्हणते, “हलू नकोस रे, सुई आहे.”