पट्टीवरचे पंडित

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. गुकेश आणि डिंग लिरेन साडेसहा-साडेसहावर. मी घरी सोफ्यावर, एका हातात चिवड्याची बशी, दुसऱ्यात मोबाइल, त्यावर कोणाचं पारडं जड ते दाखवणारी इंजिनची पट्टी. घोडा अडीच घरं चालतो, एवढ्या भांडवलावर आम्ही दुपारपासून दोघांनाही शिकवत होतो.

गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण पट्टी ढिम्म. सबब ‘बरोबरी’ असा निकाल देऊन मी बशी विसळायला उठलो. (घरात तेवढीच किंमत आहे.) गुकेशला बिचाऱ्याला पट्टी दिसत नव्हती, म्हणून तो खेळतच राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ वर नेला आणि पट्टी धाडकन काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या, बाजूला कोसळली. “अरे, हे तर शेंबड्या पोरालाही दिसतं!” मी ओरडलो.

“काय दिसतं, बाबा?” मुलीने विचारलं.

मी पट्टीकडे बोट दाखवलं.

तोवर हत्ती गेले, उंटही मारामारीत गेले, उरले राजे आणि प्यादी. काळ्याच्या अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने डाव सोडला. गुकेश तेव्हा १८ वर्षांचा होता. माझ्या मोबाइलची बॅटरी ४ टक्के.