करंगळी शाबूत आहे

भिवंडीच्या गोदामात दिवसभर खोक्यांवर टेपगन मारणाऱ्या एका बाईंचा उजवा हात रात्री बधिर होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. हात झटकत उठून बसतात. डॉक्टरांनी मनगटात नस दबल्याचं लिहून दिलं. बाई भरपाईचं विचारायला गेल्या, तर साहेबांनी अर्जातल्या रकान्यावर पेन ठेवलं : अपघाताची तारीख व वेळ.

साहेबांचं बरोबरच आहे. दबण्यापूर्वी नसेने कळवायला नको?

भरपाईच्या कायद्याला बोटांची कदर नाही असं मात्र कुणी म्हणू नये. अनुसूचीत बोटांचं चोख दरपत्रक आहे, कमावण्याची ताकद किती टक्के गेली त्याचं. अख्खा अंगठा तुटला तर 30, तर्जनी 14, मधलं बोट 12. करंगळीचं नुसतं टोक उडालं आणि हाड वाचलं, तर 2. 1923 चा कायदा जाऊन 2020 ची संहिता आली, तरी तुटलेल्या बोटांचे हे दर कायम. एकाच अपघातात बाईंची तिन्ही बोटं गेली असती, तर टक्क्यांची बेरीज झाली असती. पण ती मेली हाताला चिकटून राहिली! कप धरवत नाही, पोळी लाटवत नाही, सुई टोचली तरी पत्ता नाही; पण मोजायला गेलं तर पाचच्या पाच. त्यातही करंगळी ठणठणीत, कारण ही नस तिच्याकडे जातच नाही.

व्यावसायिक आजारांची यादी निराळी. तीत बर्फाळ प्रदेशातलं हिमांधत्व आहे. म्हणजे उद्या भिवंडीत बर्फ पडून बायपासचे खड्डे भरले (दुसऱ्या कशाने भरण्याची आशा नाहीच) आणि बाईंचे डोळे दिपले, तर निदान यादीत बोट ठेवायला जागा आहे. टेपगन यादीत नाही. मग दुखणं कामावरच्या अमुक एका अपघाती इजेमुळेच झालं, हे बाईंनी सिद्ध करायचं. कुठलं खोकं? जेवणाआधीचं की नंतरचं? साक्षीदार कोण?

आणि हे विचारणाऱ्या साहेबांच्या माउसखाली मऊ जेलची उशी! मनगट दुखतं हे यांना चांगलं कळतं, फक्त स्वतःचं. बाईंना काय दिलं? हसऱ्या तोंडाचा पिवळा रबरी चेंडू, व्यायामाला. अरे, दाबून दाबूनच हात गेलाय त्यांचा, आणि वर सांगता अजून दाबा?

चेंडू मिळाल्याची सही बाईंनी डाव्या हाताने केली. जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून भरपाईचा अर्ज सध्या पडताळणीत आहे.