लेक टच

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो आणि या दोघांना न विचारता मुलांचं उन्हाळी शिबिर ठरवून टाकणारे एक भाऊ असतात. चेअरमन-सेक्रेटरी दर पाच वर्षांनी बदलू शकतात. भाऊ बदलत नाहीत. ते निवडून आलेलेच नसतात, त्यामुळे त्यांना पाडता येत नाही.

आमचे भाऊ पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं हातात मायक्रोमीटर धरल्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या आहेत : पास आणि रिजेक्ट. कोथिंबिरीची जुडीसुद्धा ते उजेडाकडे धरून, फिरवून बघतात आणि मुळांची माती झटकून मगच भाव विचारतात.

पण भाऊंचं खरं घडणं कारखान्यातलं नव्हे. ते झालं 1981 साली, कॉलेजात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात. ही योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती खेड्यांत किती पोरांनी किती खड्डे खणले याची मोजदाद नाही. त्यातला एक शोषखड्डा भाऊंचा. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणं, पहाटेची प्रभातफेरी, दुपारचं बौद्धिक, पिठलं-भात आणि तो खड्डा. भाऊंच्या बोलण्यात लग्नाची तारीख चुकते, शोषखड्ड्याची लांबी-रुंदी चुकत नाही.

म्हणून दर वर्षी होळी झाली की भाऊंना सोसायटीतली मुलं बिघडलेली दिसू लागतात, आणि त्यांना सुधारायला पाण्याकाठची एखादी जागा भाड्यानं घ्यावी असं वाटू लागतं. आमच्याकडे पाणीकाठ म्हणजे पवना धरण. मावळातलं, तुंग आणि तिकोना यांच्यामधलं. पाठीशी लोहगड-विसापूर. काठावर तंबूंची अशी दाटी की छत्रपतींच्या काळानंतर मावळात एवढ्या राहुट्या प्रथमच पडल्या असाव्यात. फरक एवढाच की या राहुट्यांना चेक-इन आणि चेक-आउट असतं.

भाऊ जागा फोनवर ठरवत नाहीत. आधी पाहणी. यंदाच्या पाहणीला स्कूटरवर मागे मी होतो, कारण शिबिरात फुकट बौद्धिक देणारा वक्ता त्यांना एकच मिळतो. कामशेतवरून पवनानगरला गेलो. जुनी माणसं अजून त्याला काळे कॉलनीच म्हणतात. मग काठाकाठानं सात कॅम्प.

जेवणाचा मेन्यू सगळेच विचारतात. भाऊ आधी संडासात जातात. बादलीभर पाणी ओततात आणि घड्याळ लावून ते किती सेकंदांत जातं ते बघतात. दहा मुलांमागे एक संडास, मुलींचे वेगळ्या बाजूला, आणि आतून कडी. कडी तीन वेळा लावून बघायची. मग पाण्याची टाकी, झाकणासकट. मग लाइफ जॅकेटं. प्रत्येकाचा पट्टा ओढायचा, शिट्टी आहे का बघायची, ती वाजवायची. एका कॅम्पवर भाऊंनी ओळीनं चौदा शिट्ट्या वाजवल्या, तेव्हा पलीकडच्या कॅम्पची सगळी पोरं पाण्यातून बाहेर आली. मग बस कुठे वळणार, जवळचा दवाखाना किती लांब, जनरेटर आहे का, आणि शेवटचा प्रश्न, ज्यावर साही कॅम्पवाले निरुत्तर झाले :

"श्रमदानाला काही आहे का?"

"म्हंजे?"

"म्हणजे खड्डा वगैरे खणायला."

"खड्डा तयार हाय की सर. त्यात टाइल लावून पाणीबी सोडलंय. स्विमिंग पूल."

सातवा कॅम्प मात्र भाऊंना भेटायलाच जन्माला आला होता. मालक तिशीतला, गळ्यात तुळशीची माळ, हातात दोन मोबाइल. धरणाच्या काठावर सगळेच दादा असतात, हाही दादाच. बोर्डावर लिहिलं होतं : 'लेक टच. बाराशे रुपये पर हेड. बार्बेक्यू, बोनफायर, लाइव्ह म्युझिक.' भाऊंनी बोर्ड दोनदा वाचला, चपला काढून हातात घेतल्या आणि तंबूपासून पाण्याच्या दिशेनं चालायला लागले. मोठ्यानं मोजत. पार पाण्यात पाय घालून परत आले.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "दादा, टच म्हणजे स्पर्श. हा विरह आहे."

"भाऊ, ऑक्टोबरात या. पाणी तंबूच्या दोरीला लागतंय."

"आम्ही मे महिन्यात येणार. तेव्हा तर आणखी आत जाईल."

"जाणारच की."

"मग लेक टचचा रेट कसला? लेक व्ह्यू लावा."

दादानं हातातले दोन्ही मोबाइल खिशात टाकले. गंभीर बोलायचं असलं की मावळातला माणूस हात मोकळे करतो.

"तुम्ही ऱ्हायला कुठं?"

"पिंपरीत."

"मग भाऊ, पाणी कुठं गेलं ते आम्हाला कशाला इचारता? तुम्हीच प्यालात. तिकडं नळ बंद ठेवला असता तर हितंच असतं."

साडेआठ टीएमसीचं धरण, आणि त्यातलं चौतीस वर्षांचं पाणी आपल्या पोटात आहे हा हिशेब भाऊंनी कधी मांडला नव्हता. ते अर्धा मिनिट गप्प बसले. भाऊंच्या बाबतीत अर्धा मिनिट म्हणजे दुखवट्याचा ठराव. मग त्यांनी वीकडे रेट काढला, बार्बेक्यू वजा केला, लाइव्ह म्युझिक वजा केलं ("म्युझिक आमचं असतं, लाइव्हच असतं"), दहा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट लावलं आणि साडेआठशेवर आणलं. ॲडव्हान्स दिला, पावती घेतली आणि पावतीवर दादाकडून लिहून घेतलं : 'श्रमदानाची सोय करण्यात येईल.' दादानं सही केली. कशावर केली हे त्यालाही कळलं नव्हतं.

मे महिन्यात बेचाळीस मुलं आणि सहा मोठी माणसं घेऊन आम्ही पोचलो. मंगळवार ते गुरुवार, कारण मुलांचं चारित्र्य शनिवार-रविवारीसुद्धा घडतं, पण दर जास्त पडतो. भाऊंनी वेळापत्रक झाडाला टाचलं. साडेपाचला प्रार्थना, सहाला योगासनं, सातला श्रमदान, नऊला न्याहारी. रात्री दहाला दिवे बंद. पहिल्या दहा मिनिटांत मुलांनी अख्ख्या कॅम्पमध्ये रेंज कुठे येते ते शोधून काढलं. ती जागा नेमकी वेळापत्रकाच्या झाडाखाली निघाली. भाऊ सद्गदित झाले. इतक्या मुलांना वेळापत्रकापुढे एवढा वेळ उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तंबूंपासून वीस पावलांवर, पाण्याच्या बाजूला, त्यांनी दोरी बांधली. दोरीपलीकडे फक्त जॅकेट घालून, दादाच्या माणसासोबत, चार-चारच्या गटानं जायचं. यात भाऊ विनोद करत नाहीत, आणि त्यांच्यावर करू देत नाहीत. धरणाचं पाणी वरून ताटातल्या वरणासारखं स्थिर दिसतं, पण खाली गाळ आहे आणि काठ एकदम खोल होतो. त्यांनी स्वतःचा तंबूही सगळ्यात खाली, दोरीला लागून घेतला. रात्री कुणी पोरगं उठून पाण्याकडे गेलं तर आधी भाऊंना ओलांडून जावं लागेल. त्यांच्या सगळ्या हट्टांमधला मला हा एकच हट्ट बिनतक्रार पटलेला आहे.

पहिल्या सकाळी एक मुलगा दादाच्या माणसासोबत काठावर उकिडवा बसून दात घासत होता. तोंड फेसानं भरलेलं. चूळ टाकणार एवढ्यात भाऊ मागे उभे.

"हे पाणी कुठं जातं माहितेय?"

मुलानं फेसातून नकारार्थी मान हलवली.

"इथून नदीत सोडतात. रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. निगडीला शुद्ध करतात. मग ते आपल्या सोसायटीच्या टाकीत येतं. हं, टाक आता चूळ."

मुलानं फेस गिळला. मी त्या दुपारी 'पर्यावरण आणि युवक' या विषयावर पन्नास मिनिटं बोललो. त्याचा एवढा परिणाम झाला नाही.

श्रमदानाची सोय म्हणून दादानं मुलांना वाळलेलं गवत वेचायला दिलं होतं. भाऊ खट्टू होते. "गवत वेचणं ही साफसफाई झाली. श्रमदानात घाम जमिनीत गेला पाहिजे." वरच्या अंगाला दादाचे आजोबा खाटेवर बसून हे सगळं ऐकत असत. नव्वदीच्या घरातला म्हातारा. दिवसातून एकदा काठी टेकत तो त्या एकशे अठ्ठ्याऐंशीच्याही पुढं गेलेल्या पावलांच्या भेगाळ मातीत उतरायचा, मधेच थांबायचा, काठीनं काहीतरी टोकरायचा आणि परत यायचा. भाऊंना वाटलं, म्हाताऱ्याला फिरायला सांगितलं असेल डॉक्टरांनी.

दुसऱ्या रात्री वळीव आला. आधी तुंगवर वीज, मग वारा, मग तंबूच्या कापडावर कुणी मूठमूठ हरभरे मारावेत तसे थेंब. पाच मिनिटांत चढावरून पाण्याचे ओहोळ मुलांच्या अंथरुणांत. बाकीचे मोठे "बसमध्ये चला" म्हणून ओरडत होते. आणि त्या गोंधळात रेनकोट घातलेली, टॉर्च पेललेली एक मूर्ती प्रकटली. चाळीसहून जास्त वर्षं ही मूर्ती या क्षणाची वाट बघत होती.

"चर खणा!" भाऊ गरजले. "प्रत्येक तंबूच्या वरच्या अंगाला चर!"

कॅम्पवर फावडी दोन, घमेली तीन. बाकीच्यांनी स्वयंपाकघरातल्या थाळ्या आणि पळ्या उचलल्या. मोबाइलखेरीज काही न उचलणारी ती पोरं गुडघाभर चिखलात उतरली आणि आरडाओरडा करत खणू लागली. मुली जास्त वेगानं खणत होत्या. कुणी तरी "हर हर महादेव" म्हटलं. अर्ध्या तासात चर पडला, पाणी वळलं, तंबू वाचले. भाऊंचा घाम जमिनीत गेला की नाही ते पावसामुळे कळलं नाही, पण चेहरा 1981 सालचा झाला होता.

सकाळी लख्ख उजाडलं. आम्ही चहाचे कप घेऊन चर बघायला जमलो. चर खरोखर सुरेख होता, वळसे घेत खाली उतरला होता आणि जिथं संपला होता तिथं भाऊंचा तंबू होता. आत गादी अजून तरंगत होती. भाऊ रात्रभर मुलांचे तंबू तपासत हिंडले होते, त्यांना पत्ताच नव्हता.

म्हातारा काठी टेकत आला. चराच्या कडेकडेनं चालत गेला, वाकून दोन ठिकाणी बोट घातलं.

"चर ब्येस हाय," तो म्हणाला. "पर पाण्याला इचारलं व्हतं का, तुला कुठं जायचंय?"

मग काठीनंच त्यानं मुलांना दाखवलं, ढाळ कुठून कुठं आहे. खाली त्या कोरड्या मातीकडे काठी केली. तिथं दगडांची एक बुजकी ओळ दिसत होती. मी ती दोन दिवस बघत होतो, मला ती नुसते दगड वाटली होती. "त्यो आमच्या खाचराचा बांध. भात व्हायचा. धरण भरलं तवा ग्येला. मे म्हयन्यात पाणी हटलं की वर येतो, पंधरा-वीस दिस दिसतो, पावसाळ्यात पुन्ना आत. आपलं वाघेश्वराचं देऊळ न्हाय का, तसंच."

बोटीच्या जॅकेटावरून कालपर्यंत भांडणारी मुलं गपचूप त्या बांधावरून एकापाठोपाठ चालून आली. भाऊंनी त्यांना दोरी ओलांडू दिली. वेळापत्रकात त्या वेळेला माझं बौद्धिक होतं. ते कुणीही मागितलं नाही, मीही नाही.

निघताना हिशेब. भाऊंच्या अंगात मुलाचा कुणाचा तरी आखूड टी-शर्ट, पण डायरी कोरडी. त्यांनी वाचून दाखवलं : पर हेड इतके, अर्धी तिकिटं इतकी. मग चष्मा नाकावर खाली घेतला.

"लेक टचबद्दल मी काही कापत नाही," ते म्हणाले. हे ऐकून मी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. "त्या पावलांचे पैसे नको. पण दादा, एकवीस मीटर चर. बेचाळीस जणांचं अर्ध्या तासाचं श्रमदान. त्याची मजुरी वजा करा."

"करतो की भाऊ," दादा शांतपणे म्हणाला. "आन त्यो चर बुजवून सुलटा काढायला दोन माणसं लागतील, ती लावतो."

भाऊंनी डायरी मिटली. बसकडे दोन पावलं गेले आणि परत आले.

"ती दोन माणसं वीकडे रेटनं येतील ना?"