इसम अनोळखी

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘सुभेदार’ म्हणतात. सैन्याशी त्यांचा आयुष्यात एकदाच संबंध आला. कॉलेजात असताना एनसीसीच्या पहिल्या परेडला बूट चावले. दुसऱ्या परेडला ते गेले नाहीत. पुढची ३३ वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले आणि त्याच आठवड्यात जुन्या बाजारातून एक फेटेवाला शिपाई घेऊन आले. घड्याळ कधीच बंद पडलं. शिपाई अजून ड्यूटीवर आहे. त्याच्यामागून आलेली पलटण हॉल, पॅसेज, बेडरूम काबीज करत आता स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ठेपली आहे.

“माझ्या बाबांची बदली बाथरूमच्या पॅसेजमध्ये झालीय,” वहिनी चहा देता देता सांगतात. त्यांच्या वडिलांच्या जागी हल्ली एक मिशाळ जमादार असतो.

नवा पाहुणा आला की जमादाराकडे बघून हमखास विचारतो, “तुमचे आजोबा का?”

“नाही.”

“मग कोण?”

“तेच तर शोधतोय!” असं म्हणून सुभेदार खुर्ची पुढे ओढतात. पाहुण्याची शेवटची बस गेली, असं समजायचं.

प्रत्येक फोटोमागे एक कार्ड असतं. खात्यातली सवय. इसम, गणवेश, पदके, ठावठिकाणा, शेरा. पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘अनोळखी’ आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रकरण प्रलंबित’. सगळं पेन्सिलीनं. शाई कागदातून पाझरते आणि वीस वर्षांनी शिपायाच्या गालावर उमटते, असं ते सांगतात.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. एका रविवारी त्यांनी मलाही नेलं. गंजलेले पाने, मोबाइलचे चार्जर, पितळी तांबे अशा पसाऱ्यात एका गोणपाटावर फुटक्या काचेची फ्रेम पडली होती. सुभेदारांनी माझा दंड आवळला. “तिकडे बघू नका,” ते ओठ न हलवता म्हणाले. खिशातून भिंग काढलं की भाव दुप्पट होतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून ते चष्मा पुसायच्या निमित्तानं वाकतात.

“फ्रेम केवढ्याला?” त्यांनी आभाळाकडे बघत विचारलं.

“शंभर.”

“लाकूड किडलंय. पन्नास देतो.”

“घ्या!” विक्रेत्यानं फ्रेम उलटी केली, चुका काढल्या आणि आतला फोटो अलगद उचलून आपल्या मांडीखाली ठेवला. “म्हातारा वेगळा. त्याचे चारशे.”

सुभेदारांनी निमूट साडेचारशे मोजले. रिक्षात मात्र म्हणाले, “फ्रेम स्वस्तात पडली.”

घरी आल्यावर टेबलावरचा दिवा लागला, भिंग निघालं आणि माझी शिकवणी सुरू झाली. “बाहीवर तीन फिती. म्हणजे हवालदार. खांद्यावरचा आकडा बघा, ११७. एकशे सतरावी मराठा पलटण. हे आकडे १९०३ साली आले आणि १९२२ साली गेले. मग सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. आता छातीवर या. तीन पदकं. पहिला १९१४-१५ चा तारा, दुसरं ब्रिटिश वॉर मेडल, तिसरं व्हिक्टरी मेडल. दुसरं जाहीर झालं १९१९ साली. म्हणजे फोटो १९१९ च्या पलीकडे जात नाही आणि १९२२ च्या अलीकडे येत नाही. सापडला की नाही कोंडीत?” मुद्देमालासकट चोर धरलेल्या फौजदाराचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

“ही फीत काळी दिसतेय,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“ती पिवळीही असेल. त्या काळच्या प्लेटला पिवळं काळपट दिसायचं आणि निळं पांढुरकं. फोटो खोटं बोलत नाही हो, पण साक्षीदार रंगांधळा आहे.”

पहिल्या महायुद्धाच्या या तीन पदकांना विलायतेत पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड म्हणत. एका वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतली ही नावं: कुत्रा, पेंग्विन आणि ससा. सुभेदारांच्या तोंडीही तीच बसली आहेत. एकदा ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “पिप आणि विल्फ्रेड आहेत. स्क्वीक गेला.” वहिनी पदर सावरत बाहेर आल्या. “कोण गेलं? आंघोळ करायची का?” स्क्वीक म्हणजे वॉर मेडल. ते चांदीचं. बाकी दोघं काशाचे म्हणून वाचले. हा बिचारा कुणाच्या तरी नातीच्या पैंजणात गेला असणार.

इथवर सगळं सोपं. अवघड असतं ते नाव. फोटोच्या मागे ते असेलच असं नाही. स्टुडिओचा शिक्का असतो, नाहीतर दुधाचा हिशेब. मग सुभेदार मेसोपोटेमियात शिरतात. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. हे सगळं ते नेमकं लग्नाच्या पंगतीत, शेजारचा दुसऱ्यांदा श्रीखंड घेत असताना सांगतात. शेजारच्याची वाटी तशीच राहते.

“माझा हवालदार वेढ्यात होता का, एवढंच कळायला हवं,” ते म्हणतात. “पण मेलेला माणूस सापडतो, जगलेला सापडत नाही.” हे वाक्य मला आधी चमत्कारिक वाटायचं. नंतर कळलं, ते हिशेबाला धरून आहे. मेलेल्यांच्या याद्या युद्धसमाधी आयोगानं जपल्या. जो धडधाकट परत आला, त्यानं नांगर धरला आणि तो कागदावरून उतरला. म्हणून यादीत नाव मिळालं नाही की सुभेदारांना आधी आनंद होतो, हवालदार जगला! मग लगेच तोंड उतरतं, कारण प्रकरण प्रलंबित.

एका विषयावर मात्र त्यांचा आवाज चढतो. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा नुसता आकडा. “आमच्या खात्यात घमेली हरवली तरी नंबरवार यादी जोडावी लागायची!” ते टेबलावर मूठ आपटतात. २०२१ साली आयोगानं मृतांच्या स्मरणात असा दुजाभाव झाल्याबद्दल माफी मागितली. सुभेदारांनी ती सोसायटीच्या वतीनं स्वीकारली. पण फाइल बंद केलेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात हवालदाराला पिशवीत घालून ते एसटीनं सातारा जिल्ह्यातल्या एका गावी गेले. ‘या गावातून इतके गडी महायुद्धावर गेले, इतके परत आले नाहीत’ अशी संगमरवरी पाटी चावडीवर असलेलं गाव. तिथे पहिला प्रश्न आला, “पेन्शनचा फरक मिळणार का?” मिळणार नाही असं कळूनही चार घरांनी हवालदारावर हक्क सांगितला, सगळ्यांनी मिशीच्या आधारावर. शेवटी एका आजीबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि निकाल दिला, “मिशा कुनालाबी येत्यात. कान बगा की. हे कान आमच्या गावचं न्हवं.” सुभेदार खूश होऊन परतले. जुने फोटो जुळवणारेही कानच बघतात म्हणे. वयानं चेहरा बदलतो, कानाची घडण फारशी बदलत नाही. तेव्हापासून ते माणसाशी कानाकडे बघून बोलतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला ऐकू येत नाही असा यांचा समज झालाय.

फजितीही झाली आहे. खाकी वर्दी, पट्टा, रुबाबदार बैठक बघून एका जवानावर त्यांनी आठ महिने घालवले. अदनपासून बगदादपर्यंत शोधला. शेवटी एका रात्री भिंगाखाली पट्ट्याचं बक्कल वाचता आलं. गृहस्थ नगरपालिकेच्या जकात नाक्यावरचे निघाले. मला वाटलं, आता फोटो उतरणार. सुभेदारांनी फक्त कार्ड बदललं. “यानंही उन्हातच काढली असतील की वर्षं. सेवा ती सेवा,” म्हणाले आणि त्याला त्याच खिळ्यावर परत टांगला.

आता त्यांचा एकच धोशा: मागे नाव लिहा. गणपतीत सोसायटीचा ग्रुप फोटो झाला की पेन्सिल घेऊन दारोदार फिरतात. “डावीकडून तिसरे कोण? पूर्ण नाव, गाव.” कुणी म्हणालं, सगळं मोबाइलमध्ये आहे, तर हळूच विचारतात, “त्या मोबाइलच्या मागे लिहिता येतं का?”

परवा मी त्यांचं भिंग परत द्यायला गेलो. वार अर्थातच रविवार, सुभेदार बाजारात. वहिनी फोटोंवरची धूळ पुसत होत्या. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा दोघांचा फोटो त्यांनी मला धरायला दिला. मी सवयीनं उलटा केला. मागे कार्ड होतं, पेन्सिलीनं, पण अक्षर सुभेदारांचं नव्हतं.

इसम : ओळखीचा असावा. गणवेश : लेंगा, बनियन. पदके : नाहीत. ठावठिकाणा : रविवारी व बुधवारी जुना बाजार, इतर दिवशी बसरा. शेरा : प्रकरण ४० वर्षे प्रलंबित, निकाली काढण्याची घाई नाही.